पुसलेला रंग

माझ्या लहानपणात सांगण्यासारखं काही नाही. चौथी झाली तशी आईनं पाटी काढून घेतली आणि डोक्यावर बर्फाची टोपली दिली, तिथं ते संपलं. खेळ म्हणाल तर कोळंबी सोलताना कोणाचा ढीग आधी संपतो, एवढाच. त्यामुळे आठवणी लिहायला बसले तेव्हा लहानपणाच्या जागी काय घालावं कळेना. मग ठरवलं, साठी उलटल्यावर नातीबरोबर ते रंगाच्या गोळ्या मारायचं खूळ केलं, तेच इथे घालायचं. मी खेळले ती तेव्हाच. आणि खेळातही किती घाण असते, तेही तेव्हाच बघितलं. ज्यांना म्हातारीचं कौतुक वाचायचं असेल त्यांनी हे प्रकरण सोडून द्यावं.

आमचं घर वेसाव्यात, खाडीच्या अंगाला. दारासमोर बांबूच्या दांड्यांवर बोंबील सुकत, बंदराकडून बर्फ फोडायच्या यंत्राची घरघर पहाटेपासून येई आणि माझी सून सुलभा त्याच्यावर आवाज काढून माझ्या मुलाशी, महेंद्रशी, भांडे. सकाळी तांदळाची भाकरी आणि आदल्या दिवशीचं कालवण. आदल्या दिवशीचं कालवण चांगलं लागतं म्हणतात, पण रोज रोज खाल्लं की तेही कळतं काय असतं ते. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो. ती इथे उतरवली तर बाहेरच्याला निम्मं कळणार नाही, म्हणून सगळ्यांचं बोलणं सरळ करून लिहिते. बाजारातला ओटा माझा. माझ्या सासूचा होता, मग माझा झाला, मग सुलभा बसायला लागली. त्या वर्षी सुलभाची कंबर गेली. डॉक्टरनं सांगितलं, ओलीत बसायचं नाही. म्हणजे ओट्यावर परत मी, आणि माझ्यानंतर कोण, तर पूर्वा. पूर्वा माझी नात, महेंद्रची एकुलती एक. कॉलेज संपवून घरी बसलेली.

मला ती ओट्यावर नको होती. यात माया वगैरे काही नाही. माझे पाय बघा. आयुष्यभर माशांच्या पाण्यात ठेवल्यानं बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्यात, त्या कधी सुकल्या नाहीत. पावसाळ्यात त्यांचा वास माझा मलाच सहन होत नाही. असे पाय घरात एका बाईचे पुरे.

पूर्वाला तो गोळ्यांचा खेळ कॉलेजातून लागला. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी एक मैदान आहे. तिथे आडोशांमागे लपून एकमेकांना रंगाच्या गोळ्या मारतात. गोळी लागून फुटली की माणूस बाद. अंगावर लागो नाहीतर हातातल्या हत्यारावर, रंग दिसला की हात वर करून बाहेर यायचं. हत्याराला बंदूक म्हणायचं नाही, मार्कर म्हणायचं. इतर ठिकाणी बॅटरीवरचे मार्कर चालतात, नळ सोडल्यासारख्या गोळ्या पडतात. या मैदानाच्या मालकाला मात्र जुन्या पद्धतीचंच वेड होतं. त्याच्या स्पर्धेत पंपवालाच मार्कर लागायचा. दर गोळीला दांडा मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, मग चाप. एका वेळी एकच गोळी. मालकानं जाहीर केलं होतं की मुलींच्या स्पर्धेत जो संघ फायनलला जाईल त्याच्या कॅप्टनला तो मैदानावर शाळेच्या पोरांना शिकवायला नोकरीवर ठेवणार. पूर्वा कॅप्टन होती. महेंद्र जेवताना म्हणाला, "फायनलला गेलीस तर जा मुलुंडला. नाही गेलीस तर दुसऱ्या दिवसापासून ओटा. मग रडायचं नाही."

"चालेल," पूर्वा म्हणाली आणि बोंबलाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला.

संघ तिघींचा. पूर्वा, शेजारची डिंपल आणि निकिता. निकिताचं लग्न ठरलं आणि तिच्या सासरच्यांनी निरोप धाडला की पोरीच्या तोंडावर वळ नकोत. संघ दोघींचा उरला. मी तेव्हा मोरीपाशी बसून मांदेली साफ करत होते. पूर्वा दारात उभी राहून माझ्याकडे बघत राहिली.

"काय बघतेस?"

"आजी, तू दिवसभर अशी उकिडवी बसू शकतेस ना?"

"मग काय खुर्ची टाकून मासे विकू?"

"तेवढंच करायचंय गं. आडोशामागे बसायचं. दिसलं कोण तर मारायचं. वयाची काही अट नाही, मी विचारलंय."

"आई, तुम्ही नका हं नादाला लागू," सुलभा आतून ओरडली. "हाडं मोडतील, मग मलाच निस्तरावं लागेल." तिनं असं म्हटलं नसतं तर कदाचित मी नाही म्हटलं असतं.

सामान घ्यायला आम्ही चेंबूरला गेलो. एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक माणूस वापरलेले मार्कर विकायचा. जिन्यात कोणीतरी पानाच्या पिचकाऱ्या मारून ठेवलेल्या, आणि आत शिरल्यावर रबर, तेल आणि बंद पंख्याचा वास. पूर्वा सरळ मार्करकडे धावली. मी म्हटलं, आधी तोंडाचं बघ. कारण एकदा तिच्याबरोबर मैदानावर गेले होते तेव्हा तिथला भाड्याचा मुखवटा घालून बघितला होता. आतला स्पंज ओला. कोणाचा घाम, कोणाची थुंकी, कोणाच्या तोंडाची पावडर, सगळं माझ्या नाकाशी. मासे कुजलेले मी खूप हुंगलेत, पण माशाला लाज नसते, माणसाला असायला पाहिजे. मी तिथेच ओकले असते. म्हणून आधी तीन मुखवटे घेतले, नवे, कोणी तोंड न घातलेले. मग मार्कर.

त्यात एक जांभळा होता, चकचकीत, आणि एक काळा, ओरखडलेला. दुकानदार म्हणाला, रंग बघू नका, नळी बघा. गोळी नळीत टाकायची आणि मागून फुंकायचं. गोळी आपोआप घरंगळून खाली पडली तर नळी मोठी, नेम लागणार नाही. जोर लावूनही हलली नाही तर नळी बारीक, आत फुटेल. अडकून राहिली आणि एका फुंकरीत निघाली, तर जोडी जमली. त्यानं जांभळ्याची नळी काढून माझ्यापुढे धरली. "फुंका ना आजी."

"तुझ्या दुकानात येणारा प्रत्येक जण हिला तोंड लावतो?"

"हो, मग?"

"मग तूच लाव."

पूर्वानं फुंकलं. त्या पोरीला कशाचीच किळस नव्हती, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. जांभळ्यातून गोळी घरंगळून तिच्या चपलेवर पडली. काळ्यात ती बसली आणि फुंकरीसरशी ठक्‌ करून समोरच्या भिंतीवर गेली. काळा तिनं स्वतःला घेतला. जांभळा माझ्या गळ्यात मारला, कारण मी कोणाला मारीन अशी तिची अपेक्षाच नव्हती. डिंपलकडे तिच्या भावाचा जुना होता. निघताना दुकानदारानं गोळ्यांची पिशवी दिली आणि बजावलं, "उन्हात ठेवू नका, मऊ पडतात. थंड जागी ठेवा." हे वाक्य पूर्वानं घरी आल्यावर सगळ्यांसमोर जसंच्या तसं सांगितलं.

पुढचे दोन महिने मी खेळले. बोंबील काढल्यावर रिकाम्या झालेल्या जागेत संध्याकाळी फुटके थर्माकोलचे डबे उभे करायचे आणि मारायचं. ओढ, ढकल, चाप. फट्‌ आवाज येतो आणि लांब कुठेतरी केशरी ठिपका उठतो. बायका दारात उभ्या राहून हसायच्या. "काय गं म्हातारे, कोणाला उडवतेस? सुनेला का?" मी त्यांच्याही डब्यांवर मारायचे. महेंद्रची ट्रॅकपॅन्ट, कमरेला नाडी, डोक्याला फडकं. मला ते आवडलं. त्यात मिळवायचं काही नव्हतं, वाचवायचं काही नव्हतं. कोणी भाव करत नव्हतं. आता गुडघ्याची वाटी बदलल्यापासून मला उकिडवं बसता येत नाही, पण हाताला तो दांडा ओढायची सवय अजून आहे. कधी कधी रिमोट धरला तरी डावा हात मागे जातो.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी बंदरावरच्या बर्फाच्या टेम्पोतून जायचं ठरलं होतं. पूर्वा गोळ्यांची पिशवी शोधत घरभर फिरली. सुलभा म्हणाली, "ठेवल्यात ना मी थंड जागी." आमच्या घरात थंड जागा एकच. माशांची पेटी. सुलभानं पिशवी रात्रभर बर्फात, बोंबलांच्या मधोमध, नीट दाबून ठेवली होती. वरून आणखी बर्फही घातला होता. चांगल्या मनानंच केलं. महागाचं पापलेटही आम्ही तसंच ठेवतो.

पिशवीत पाणी शिरलेलं. गोळ्या एकमेकींना चिकटून रव्याच्या लाडवासारखा गोळा झाला होता. त्या जिलेटिनच्या असतात, औषधाच्या कॅप्सूलसारख्या. पाण्यानं फुगतात, थंडीनं ठिसूळ होतात. आणि वास! बोंबलाचं पाणी त्यांच्या अंगात मुरलं होतं. मी जन्मभर त्या वासात राहिलेली बाई, मलाही तोंड फिरवावं लागलं. टेम्पोत मागे बसून ती आणि डिंपल विक्रोळीपर्यंत एकेक गोळी सोडवून ओढणीनं पुसत होत्या. दुसऱ्या गोळ्या मैदानावर मिळतील म्हणून धीर धरला, तर तिथे सांगितलं की ज्यानं त्यानं आपापल्या आणायच्या.

मैदानावर सगळ्या टॉवरमधल्या मुली. त्यांच्या आया छत्र्या आणि बर्गर घेऊन आलेल्या. खाऊन झालं की कागद तिथेच टाकत होत्या. आम्ही पोचलो आणि एकीनं नाक धरलं. "ईऽऽ, कसला वास येतोय यार?"

"आमचा," मी म्हटलं. "फ्रेश आहे."

डिंपल हसली. पूर्वा हसली नाही. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

पहिला सामना आम्ही जिंकलो, कारण समोरच्या तिघी घाबरून एकाच आडोशामागे गर्दी करून बसल्या आणि डिंपलनं बाजूनं जाऊन तिघींना टिपलं. पण पूर्वाच्या काळ्या मार्करची वाट लागली होती. तिची नळी गोळीच्या मापाची, आणि गोळ्या फुगलेल्या. दर दुसरी गोळी आतच फुटायची. नळीत रंगाची पेज. चाप ओढला की तोंडातून फेस आल्यासारखा रंग गळायचा. माझ्या त्या मोठ्या नळीच्या जांभळ्यातून मात्र फुगलेल्या गोळ्या सुटत होत्या. मी म्हटलं, हा घे. तिनं घेतला नाही. "मला त्याची सवय नाही," म्हणाली. आईच्या चुकीचा राग तिला त्या काळ्या नळीवरच काढायचा होता.

दुसरा सामना जिंकला की फायनल. मी पुढच्या पिंपामागे बसले होते. दांडा मागे ओढला आणि तेवढ्यात मांडीवर फाटकन बसली. वर उडालेला रंग मुखवट्याच्या जाळीतून तोंडात गेला. गोडसर, तेलकट, लहानपणी दवाखान्यात पाजायचे त्या माशाच्या तेलासारखा. मी थुंकत थुंकत हात वर करून बाद झालेल्यांच्या दोरीमागे जाऊन उभी राहिले. मग डिंपल बाद झाली. पण त्याआधी तिनं त्यांच्या दोघी टिपल्या होत्या. आत उरली पूर्वा, आणि समोर एक लांब वेणीवाली उंच मुलगी.

मी जिथे उभी होते तिथून पूर्वाची पाठ आणि डावी बाजू दिसत होती. पंच पलीकडे होता. वेणीवालीनं मारलेली गोळी पूर्वाच्या मार्करवरच्या गोळ्यांच्या डब्यावर फुटली. मी बघितली. केशरी रंग झाकणावरून ओघळला. पूर्वा खाली बसली. तिनं बाहीनं डबा पुसला, एकदा इकडून, एकदा तिकडून, आणि बाही मातीत घासली. एवढ्या शांतपणे, जसं काही आपण ताट पुसतो. वेणीवाली समजली की झालं. मुखवट्यातून हसतच ती आडोशामागून उभी राहिली. आणि पूर्वानं तिला समोरून, पोटात मारली. नेमकी ती गोळी तेवढी नळीत फुटली नाही.

ती मुलगी रडायला लागली. "मी आधी मारलं होतं! डब्यावर मारलं होतं!" पंच धावत आला. त्यानं डबा बघितला, स्वच्छ. बाही बघितली, मातीनं माखलेली. पूर्वाला विचारलं. पूर्वा म्हणाली, "नाही लागली." पंचानं आजूबाजूला बघितलं आणि त्याची नजर माझ्यावर आली. तेव्हा त्याच्या तोंडावर जे भाव आले ना, त्यांची मला आजही शिसारी येते. जसं काही देवळात आलाय. "आजी, तुम्ही सांगा. तुम्ही खोटं बोलणार नाही."

मनात म्हटलं, तू ओळखतोस मला? पांढरे केस बघितले की तुम्हाला वाटतं बाई पोथीतून उतरली.

पूर्वानं मुखवटा वर केला होता. ती माझ्याकडे बघत होती. विनवणी वगैरे नव्हती. घरातलं माणूस आहे, काय बोलायचं ते तिला ठाऊकच असणार, अशी खात्री होती. त्या खात्रीचाच मला वीट आला.

"लागली," मी म्हटलं. "पुसली तिनं."

यानंतर जे झालं ते त्या पुसण्याहून घाण होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कागद टाकणाऱ्या आया उभ्या राहिल्या. कोणीतरी मोबाइल काढला. मैदानाचा मालक माइक घेऊन आला आणि संस्कार, प्रामाणिकपणा असलं काहीबाही बोलायला लागला. मघाशी नाक धरणारी पोरगी माझ्या खांद्याला खांदा लावून फोटो काढायला आली, आता तिला वास येत नव्हता. मी मालकाच्या हातातला माइक खाली केला. "नोकरीचं काय?" विचारलं. "तिला येतं शिकवायला. ठेव."

"आजी, पुसणाऱ्या मुलीला कसं ठेवणार? तुम्हीच सांगा."

"तुझ्या इथे सकाळपासून चार जणींनी पुसलं. मी बघितलं. त्यांच्या आयांनी पण बघितलं."

तो हसला. "तुम्ही या ना कधीतरी पंच म्हणून. लोकांना आवडेल."

टेम्पोत पूर्वा माझ्यासमोर बर्फाच्या लाकडी पाटावर बसली होती. जोगेश्वरी आली तशी एकदम म्हणाली, "कालचं पापलेट आजचं म्हणून विकतेस. कल्ल्यांवर पाणी मारून. तेव्हा तुझं हे खरं कुठे जातं गं?"

डिंपल मागे पळणाऱ्या रस्त्याकडे बघायला लागली.

"ते बाजारात," मी म्हटलं. "गिऱ्हाईक पण खोटं बोलतं. पलीकडे स्वस्त आहे म्हणतं, पाकीट घरी राहिलं म्हणतं. दोघं खोटं बोलतात तेव्हा भाव होतो. त्याला धंदा म्हणतात."

"आणि हे काय होतं?"

"हे खेळणं होतं."

"तुझं खेळणं असेल. माझी नोकरी होती ती."

तिचं बरोबर होतं आणि माझंही बरोबर होतं. जन्मभर बाजार केला, त्यात जे करायचं ते केलं. आणि एक जागा मिळाली होती जिथे काही विकायचं नव्हतं, तर ही पोरगी तिथे पण टोपली घेऊन बसली. पण टोपली तिच्या डोक्यावर द्यायला तिचा बाप तयार होता, हे मला कुठे ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. तरी बोलले. आजही बोलेन. कोणी मला त्यासाठी चांगलं म्हटलं तर त्याच्या तोंडावर थुंकेन.

दुसऱ्या दिवशी महेंद्रनं शब्द पाळला. पूर्वा ओट्यावर माझ्या शेजारी बसली. केस घट्ट बांधलेले, पायात प्लॅस्टिकच्या चपला. बोट दोन दिवस गेली नव्हती, त्यामुळे टोपलीत परवाचं पापलेट होतं. मी नेहमीसारखं केलं. वर बर्फाचा चुरा, कल्ल्यांवर पाणी, पोटं आतल्या बाजूला. पहिलं गिऱ्हाईक आलं, लोखंडवालातली एक जुनी बाई, माझ्याकडूनच घेणारी. तिनं बोट लावलं. "ताजं आहे ना मावशी?"

मी तोंड उघडायच्या आत पूर्वा म्हणाली, "परवाचं आहे."

बाईनं बोट मागे घेतलं. माझ्याकडे बघितलं, पूर्वाकडे बघितलं, आणि पलीकडच्या ओट्यावर गेली. दुसरं गिऱ्हाईक आलं. "परवाचं आहे." तिसरं आलं. पूर्वाचा आवाज अगदी गोड. पलीकडच्या ओट्यावरची कमळी हसून हसून मेली. "काय गं, नातीला शाळेत घातलंस का?" मी माश्या उडवत बसले. पोरीला गप्प बस म्हणायला तोंड उघडलं दोनदा. पण काय म्हणणार? खोटं बोल म्हणणार?

दुपारी बर्फ वितळला, पापलेटाचे डोळे पांढरे झाले. एकही गेलं नाही. टोपली घरी आणली, आणि फेकायचा आमच्याकडे रिवाज नाही, म्हणून सुलभानं आंबट जास्त घालून कालवण केलं. तरी वास लपला नाही. महेंद्रनं एक घास घेतला आणि ताट सारून बाहेर निघून गेला. सुलभा भाकरी आणि मीठ खात बसली. पूर्वानं दोन तुकड्या वाढून घेतल्या, माझ्याकडे बघत सावकाश काटे काढले आणि खाल्ल्या. मग कालवणाचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

मीही वाढून घेतलं. तिच्याकडे बघतच खाल्लं, शेवटच्या काट्यापर्यंत.